कौसल्याबाईंचा घरचा राउटर

कौसल्याबाई कुणावर सहजासहजी विश्वास ठेवत नसत. जुन्या जालन्यात बारा वर्षं त्यांनी एसटीडी बूथ चालवला, पण नोकर म्हणून कुणाला ठेवलं नाही. मोबाइल आले नि बूथ ओस पडला. मग २००५ साली त्यांनी तिथंच पाच कॉम्प्युटर मांडून इंटरनेटचं दुकान काढलं.

फोनच्या एका तारेवरचं इंटरनेट पाचही कॉम्प्युटरांना वाटून द्यायला राउटर हवा होता. विकतचा चौतीसशेला. दुरुस्तीवाला भुजंग म्हणाला, "मावशी, तुमच्या माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरचाच करून देतो. दोन नेटवर्कची कार्डं नि तारा जोडायला एक जुना हब. साडेअकराशेत बसतंय."

"एवढं स्वस्त? मंग तुझा फायदा कशात?"

"मजुरी दीडशे. त्यातच धरली."

बाईंनी कार्डं स्वतः विकत आणली, रात्रभर जवळ ठेवली नि सकाळी त्याच्या हाती दिली.

राउटर सुरू झाला, पण दर दहा मिनिटांनी बंद पडू लागला. परवा बारावीचा निकाल होता. त्या दिवशी दुकान बंद राहिलं तर पोरं समोरच्या दुकानात जाणार, ती पुन्हा इकडं कशाला येतील? भुजंग तीनदा येऊन गेला.

"मुद्दाम बिघडवून राह्यलास," चौथ्यांदा आला तेव्हा बाई म्हणाल्या. "मी विकतचा घ्यावा नि तुला कमिशन मिळावं. कळतंय मला बराबर."

भुजंगनं झाकण उघडलं, कार्ड उपसलं. कार्डाच्या कडेच्या सोनेरी दातांवर नेलपॉलिशचे लाल थेंब होते.

"हे काय?"

"खूण केल्ती. सोन्यासारखं चमकत होतं. म्हटलं, बदलशील तर हेच बदलशील."

"मावशी, करंट तिथूनच जातो!"

त्यानं स्पिरिटनं दोन्ही कार्डं पुसली नि परत बसवली. तासभर राउटर बंद पडला नाही. भुजंगनं पेचकस गोळा केले. "मजुरी राहू द्या. पुढचं काम दुसऱ्याला सांगा."

फुकट कशापायी सोडतोय, हा संशय बाईंना आधी आला. मग लक्षात आलं, विकतचा बिघडला असता तर दुकानदार होता. हा बिघडला तर भुजंगशिवाय कुणाला कळणार?

"थांब. हे दीडशे घे. अन् परवा दिवसभर इथंच बस. रोजी देते."

"माझ्यावर नजर ठेवायला?"

"न्हाई रे बाबा. तू ह्या राउटरच्या डब्यावर नजर ठेवायला."

भुजंगनं नोटा तशाच खिशात घातल्या.

"अरे, मोज की!" बाई ओरडल्या. "असा कसा कुणावरबी विश्वास ठेवतोस?"