वहिनीच्या हातचा एरंड

आजवर हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. कन्हेरीच्या माळावरचा पहिला एरंड माझ्यामुळं गेला, वहिनीमुळं नव्हे.

माळ आमचाच, पण चोपण. ओला झाला की चिकट, वाळला की पांढरा. शहराचं सांडपाणी माळाच्या कडेला टाक्यांत शुद्ध करायचं, त्यावर एरंड घ्यायचा आणि तेलाचं इंधन करायचं, असं ठरलं. पाण्याचं काम माझ्याकडं होतं.

"म्हंजी आता शहराच्या मोरीवर ट्रॅक्टर पळनार म्हना की!" शेजारचे तात्या हसले.

आमच्याकडं पहिलं बी हातगुणाच्या बाईनं टोकायचं असतं. थोरला भाऊ गेल्यापासून वहिनीला कुणी बोलवत नव्हतं. मीच हट्ट धरला.

"भावजी, लोक काय म्हनतील?" म्हणाली, पण घडीचं लुगडं नेसून आली. प्रत्येक बियावर माती सारून तळव्यानं हलकेच थोपटत गेली.

नेमकी त्याच दिवशी टाक्यांची मोटार जळाली. शुद्ध पाणी नाही, आणि अर्धं गाव बांधावर उभं.

"पानी कुठं हाय, साहेब?" तात्यांनी चिमटा काढला.

लोकांपुढं मान खाली घालवेना. शेडमागं जाऊन मी कच्च्या सांडपाण्याचा व्हॉल्व्ह उघडला. एकदाच तर, म्हटलं.

त्या गाळाचा काळा पापुद्रा सरीवर वाळला. बी खालीच कुजलं.

"हातच तसला," कुणीतरी बोललं. वहिनीनं ऐकलं. मीही ऐकलं, आणि चपलेनं ढेकळं फोडत उभा राहिलो.

पुढच्या हंगामात दुसरीनं टोकलेला एरंड शुद्ध पाण्यावर डोक्याच्या वर गेला. वहिनी घोस तोडायला येते. माझी भाकरी आणते, ठेच्यावर तेल जरा जास्तच घालते. मला तसा आवडतो हे तिला ठाऊक आहे. बियाला मात्र शिवत नाही. परवा परसात दोडका लावायचा होता, तर बी माझ्या बायकोच्या ओंजळीत टाकलं.

"तू टोक गं. माजा हात बरा न्हाय." मग माझ्याकडं बघून हसली. "भावजीस्नी म्हाईत हाय."

मी तांब्या उचलून पाणी प्यालो.

तिचा हात चांगला होता. त्याच बांधावर, तात्यांसकट सगळ्यांच्या देखत, एवढं तिला सांगायचं माझ्याकडून अजून राहिलं आहे.