भाकरीच्या मापाचा ओटा

खटकचिंचोळीतल्या आमच्या घरात बाहेरच्या खोलीत माझी शिलाई मशीन आहे आणि आतल्या खोलीत स्वयंपाक. मधे एक भिंत, तिला दार नाही, नुसता पडदा. सकाळी मी मशीनवर बसले की आतून भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा. थापणाऱ्या माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. थप-थप-थप, मग भाकरी तव्यावर टाकल्यावर जरा थांबा, मग पुन्हा थप-थप. त्या तालावर माझा पाय पायट्यावर कधी चालायला लागायचा, माझं मलाच कळायचं नाही.

आमच्या भागात सून घरात आली की सासू चुलीपासून उठते, ही रीत. आमच्याकडं उलटी गंगा. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझी माहेरची मशीन टेम्पोतून उतरवताना आत्यांनी पाहिली आणि म्हणाल्या, "तुज्या हातात कला हाय. तू मशिनीवर बस, भाकरीचं मी बघते." गल्लीतल्या बायका टोमणे मारायच्या, की हिची सून खुर्चीवर आणि ही धुरात. आत्या म्हणायच्या, "व्हय, माझी सून खुर्चीवर बसती. तुमची बसती का?" त्यानंतर त्याच बायका माझ्याकडं ब्लाऊज शिवायला येऊ लागल्या, त्या बसून चहा प्यायच्या आणि चहाही आत्याच करायच्या.

आज गावात माझं नाव आहे ते शिवणकामाचं. पण त्या प्रत्येक टाक्यामागं आत्यांची एक भाकरी आहे, हे मला कायम ठाऊक होतं. तोंडानं मात्र कधी म्हटलं नव्हतं. घरातल्या घरात कोण कुणाचे आभार मानतं!

मागच्या श्रावणात आत्या न्हाणीत पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. बिदरला ऑपरेशन झालं, आत सळई बसवली. हाड चांगलं जुळलं, पण डॉक्टरांनी निघताना सांगितलं, की आता जमिनीवर मांडी घालून बसायचं नाही, उकिडवं तर नाहीच नाही. आमचा सगळा स्वयंपाक जमिनीवरचा. गॅस बुटक्या कट्ट्यावर, परात खाली, आत्या एक पाय दुमडून आणि एक पाय पसरून बसलेल्या. डॉक्टरांच्या त्या एका वाक्यानं त्यांचं स्वयंपाकघरच बंद झालं.

भाकरी मी थापू लागले. माझी भाकरी वाईट नसते, पण तिला काठ येतो तो नकाशासारखा. आत्या वॉकर घेऊन पडद्यापर्यंत यायच्या, तो बाजूला करून बघायच्या आणि परत बाजेवर जाऊन बसायच्या. हळूहळू जेवण कमी झालं. दीड भाकरी खाणारी बाई अर्धीवर आली. मी आग्रह केला तर म्हणाल्या, "काम न्हाई तर भूक कुठली गं? बसून खायाला मी काय पाव्हणी हाय?"

हे ऐकून मी खरंच घाबरले. हाड सांधलं होतं, पण माणूस आतून सुटत चाललं होतं. मी मनाशी ठरवलं, येळवसीच्या आत आत्यांना पुन्हा परातीपुढं आणायचं. येळवस म्हणजे आमचा मोठा सण. मार्गशीर्षाच्या अवसेला सगळं गाव शेतात जेवायला जातं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, डालगंभर, म्हणजे मोठी टोपलीभर भाकऱ्या. त्या दिवशीचा स्वयंपाक आत्यांशिवाय कधी झाला नव्हता. यंदा त्यांना त्या दिवशी बाजेवर बसून बघावं लागलं, तर त्या पुन्हा उठणार नाहीत, असं मला वाटत होतं.

यावर उपाय एकच, उंच ओटा. खाली भांड्यांना कपाटं, वर फरशी. गावातल्या सुताराला सांगितलं. तो म्हणाला, "येतो की अक्का, सोमवारी." कुठल्या सोमवारी ते त्यानं सांगितलं नाही, आणि येत्या लग्नसराईच्या दिवाण-कपाटांत तो असा बुडाला की रस्त्यात मला बघून गाडी वळवू लागला.

धाकटे दीर हैदराबादला फर्निचरच्या कामावर आहेत. दसऱ्याला ते घरी आले, तेव्हा त्यांनी आपली जुनी ड्रिल मशीन आणि एक जिग मला दिलं. "वैनी, यात काय अवघड न्हाई. तुमी कापड जोडता, हे लाकूड जोडायचं, एवढंच." जिग म्हणजे तळहाताएवढा ठोकळा, त्यात तिरपी नळी. तो फळीच्या मागच्या बाजूला आवळून बसवायचा आणि नळीतून ड्रिल घालायचं. फळीत तिरकं भोक पडतं, छोट्या खिशासारखं. त्या भोकातून स्क्रू आवळला की तो तिरका जाऊन शेजारच्या फळीत रुततो आणि दोन्ही फळ्या गच्च धरतो. बाहेरून काहीच दिसत नाही. मी बघितलं आणि हसले. ही तर तुरपाई! साडीला फॉल लावताना टाका उजव्या बाजूला दिसू द्यायचा नाही, ते तर मी रोज करते.

दीर जाताना बजावून गेले, की प्रत्येक जोडाला आधी गोंद लावा, मग स्क्रू. आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ते सामान बघून कपाळावर हात मारला. "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आधीच तुला शिवणाची सवड न्हाई." पण भालकीहून प्लायवूड आणून दिलं त्यांनीच, दुकानातच मापानं कापून घेऊन. माप मी दिलं होतं. मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला होता, त्यातला ओटा मला फार आवडला, त्यातलंच माप उतरवून घेतलं.

मग सुरू झाली माझी सुतारकी. दुपारी लाईट असेल तेव्हा ड्रिल, नसेल तेव्हा शिवण. पहिली दोन भोकं फळीच्या आरपार गेली. ड्रिलला किती खोल जायचं हे सांगणारी एक कडी असते, ती आवळायची मी विसरले होते. पण पुढं हात बसला. स्क्रू शेवटचा वळसा घेतो आणि दोन फळ्यांमधली फट मिटते, तेव्हा जो आवाज येतो तो मला फार आवडू लागला. गोंदाची बाटली मात्र आतून वाळून खडक झालेली निघाली. नवी आणायला कोण जाणार! मी म्हटलं, स्क्रू आहेत की, धरतील.

पहिलं कपाट उभं केलं तर ते डुगडुगलं. मी म्हटलं, ही खोलीच वाकडी, जमीनच सरळ नाही. बाजेवरून आवाज आला, "नाचता येईना, अंगण वाकडं!" पडल्यापासून आत्यांनी केलेली ती पहिली थट्टा. मला फार आनंद झाला. मी कपाटाखाली पाचर सरकवली आणि पुढच्या कामाला लागले.

ओटा झाला. शेजारच्या चौघांनी उचलून वर शहाबादी फरशी बसवली. कपाटांना दारं, आत मापानं फळ्या, कुठं एक स्क्रू दिसत नाही. गल्लीतल्या बायका येऊन दारं उघडून-मिटून गेल्या. आत्यांनी ओट्याला हळदी-कुंकू लावलं, परात वर ठेवली आणि ज्वारीचं पीठ मळायला घेतलं. मी ऐटीत बाहेर येऊन मशीनवर बसले. आता आवाज येणार, म्हणून कान तिकडंच.

आवाज आला, पण तो आत्यांचा नव्हता. दारावर परका माणूस टिचकी मारतो तसा बारीक, अडखळणारा. मी पडदा सारून बघितलं. फरशी आत्यांच्या छातीला लागत होती. त्या टाचा उचलून, दुखऱ्या पायावर भार देऊन, वरून बोटांनी पीठ चापत होत्या. खांदे कानापर्यंत चढलेले. भाकरीचा काठ फाटला, त्यांनी जोडला, परत फाटला. मला बघून त्या हसल्या. "लई छान झालंय गं. कपाटं तर येकच नंबर." मग हात धुतले. "मलाच आता न्हाई जमायलं. वय झालं. भाकरी तूच कर."

बाजेवर जाऊन त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

मी मशीनवर येऊन बसले आणि रडले. समोर टेप लोंबकळत होता. पोरीचं परकर-पोलकंसुद्धा मी माप घेतल्याशिवाय कापत नाही. एकीच्या मापावर दुसरीचं शिवलं तर काखेत ओढतं, हे मी शिकायला येणाऱ्या मुलींना सांगते. आणि घरातल्या माणसासाठी ओटा केला तो कुठल्या तरी व्हिडिओतल्या उंच बाईच्या मापाचा! राग स्वतःचाच आला. पण रागानं ओटा बुटका होत नाही.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस तसेच गेले. मी त्या नव्या ओट्यावर उभी राहून भाकऱ्या करत होते आणि आत्या अर्धी भाकरी खात होत्या. एका दुपारी मी गिऱ्हाईक सोडायला बाहेर गेले. परत आले तर आत्या माझ्या मशीनपुढच्या स्टुलावर बसलेल्या. मशीनवर एक नऊवारी पसरली होती, तिची चुणी त्या तळहातानं दाबून सरळ करत होत्या. एक हात, मग दुसरा, अंग थोडं पुढं झुकलेलं, खांदे सैल. पाय खाली पायट्याजवळ आरामात पसरलेले. मी दारातच थांबले. ही भाकरी थापायचीच बैठक होती. फक्त जमीन वर आली होती.

"आत्या, उठू नका," म्हटलं आणि धावत परात आणि भिजवलेलं पीठ आणलं. नऊवारी बाजूला सारली, मशीनचं डोकं आत पाडून पाट बंद केला आणि परात त्यावर ठेवली. आत्या घाबरल्या. "अगं काय करायलीस? मशिनीत पीठ जाईल! तुजं पोट हाय ते."

"जाऊ द्या पीठ. थापा."

"येडी झालीस का गं?"

"थापा म्हणते ना आत्या."

त्यांनी गोळा घेतला. थप. थप-थप. थप-थप-थप. परात फिरू लागली, भाकरी गोल पसरू लागली, चंद्रासारखी म्हणतात तशी. मशीनचा पाट दणदणला, बॉबिनची डबी खाली पडली, मी उचललीही नाही. भाकरी हातावर घेऊन आत्या म्हणाल्या, "तवा कुठं हाय?" तवा आत होता. आम्ही दोघी हसत सुटलो.

मग मी टेप काढला. आधी स्टूल, मग त्यांचं कोपर, मांडी, गुडघा. बसलेल्या माणसाचं माप मी पहिल्यांदाच घेत होते. "ब्लाऊज शिवायलीस का ओटा?" आत्यांनी विचारलं. मी म्हटलं, "दोन्हीला माप लागतं."

रात्री दिरांना फोन केला, ओटा सोडवून बुटका करायचाय म्हणून. ते म्हणाले, "वैनी, गोंद लावलाय ना? मग अवघड हाय. जोड सुटायचा न्हाई, फळीच फाटंल." मी म्हटलं, गोंद लावलाच नाही. तिकडून नुसतं हसणं. माझ्या आळसाचं इतकं भलं आजवर कधी झालं नव्हतं. त्या वाळलेल्या बाटलीला मी मनातल्या मनात हात जोडले.

पुन्हा चौघांना बोलावून फरशी उतरवली. मागच्या बाजूनं एकेक स्क्रू सोडवला. तिरक्या भोकांतून ते आले तसे निमूट बाहेर आले. शिवण उसवताना कापड दुखावू नये म्हणून मी जीव मुठीत धरते. इथं लाकडाला ओरखडासुद्धा नाही. उभ्या फळ्या आणि दारं भालकीच्या दुकानातून खालून कापून मशीनच्या उंचीची करून आणली. मधल्या कपाटाची दारं आणि तळ काढून टाकला, आत्यांचे पाय आत जायला. बाजूची दोन कपाटं बुटकी झाली, पण दारांसकट ठेवली. स्क्रू परत आवळले. या वेळीही गोंद लावला नाही, पण आता मुद्दामच. आत्यांचं अंग बदलेल, उद्या कदाचित माझंही. ओट्याला पुन्हा माप घ्यावं लागेल.

येळवसीच्या आदल्या दिवशी सकाळी आत्या स्टुलावर बसल्या. त्यांना एकट्यांना सोडून मी बाहेर आले, कारण डोळ्यांत पाणी होतं आणि गॅसवर धुराचं निमित्त सांगायची सोय नव्हती. मशीनवर एक पोलकं अर्धं राहिलं होतं. मी पाय चालवायला लागले आणि आतून आवाज आला. थप-थप-थप. तोच. इतक्या महिन्यांनी तोच. माझा पाय थांबला. हात कापडावर तसाच ठेवून मी नुसती ऐकत बसले. आज आभाराचं बोलायचंच, असं ठरवलं, इतक्या वर्षांचं. उठून पडद्यापर्यंत गेलेही.

आतून आत्यांचा हात थांबला. "मशीन कामून थांबली गं?"

"तुमच्या भाकरीचा आवाज ऐकायले, आत्या."

"ऐकत बसू नगंस. चालव मशीन." मग जरा थांबून म्हणाल्या, "तिच्या आवाजाबिगर हात चालत न्हाई माझा. तू आल्यापासून तसंच हाय."

मी परत येऊन बसले आणि मशीन चालू केली.