बिनकमानीचा सत्कार

विनायकराव गुरुजींना मी प्रथम पाहिले ते साखरशेतच्या शाळेत, कोपरापर्यंत शेणामातीत हात घातलेले. मी जव्हारहून दुय्यम शिक्षक म्हणून रुजू व्हायला गेलो होतो आणि ते शाळेच्या भिंतीचा कारवीच्या काठ्यांचा कूड लिंपत होते. "बाह्या सारा," एवढेच माझे स्वागत झाले.

वर्गात कोणाच्या बोलीला गुरुजी हसू देत नसत. मूल आजारी पडले की पेजेचे भांडे घेऊन पाड्यावर चढून जात. हे या सत्काराच्या अंकात इतर मंडळी लिहितीलच. मी मात्र कमानीची गोष्ट लिहिणार आहे, मग ती कोणाला रुचो वा न रुचो.

सात वर्षांपूर्वी डोंगर कारवीच्या फुलांनी जांभळा झाला होता. तेव्हाच कोणी बडे साहेब संस्थानात फिरतीवर यायचे होते. त्यांच्यासाठी फुललेल्या कारवीची कमान उभारावी आणि तोडणीला शाळेची मुले लावावीत, असा हुकूम घेऊन एक अंमलदार आले. कारवी सात वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. बी पडल्याखेरीज तिला विळा लावायचा नाही, हा इथला रिवाज. गावातले लखमादादा हात जोडून म्हणाले, "बी पडं नाय तवर कारवी तोडाची नाय, साहेब." अंमलदारांनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. डोंगर संस्थानचा आहे, असे त्यांनी गुरुजींना सुनावले.

गुरुजी म्हणाले, "असेल. पण पुढे लोकांनी घरांना कूड कशाचा घालायचा, ते संस्थानाला विचारून या. तोवर माझी मुले येणार नाहीत."

कमान केळीच्या खांबांची झाली आणि गुरुजींची नोकरी गेली. माफी मागा म्हणून कितीजणांनी विनवले, त्यांनी ती मागितली नाही. मुले त्यांच्या ओसरीवर शिकू लागली. शाळेत मी आणि रिकाम्या भिंती उरलो. अखेर कचेरीलाच त्यांना मुकाट्याने परत घ्यावे लागले. तोवर डोंगरावर कारवीची नवी रोपे उठली होती. त्यांचा मला आजही अभिमान वाटतो, रोपांचाही आणि गुरुजींचाही.

यंदा गुरुजींची साठी आणि त्याच नव्या रोपांचा फुलोरा एकदमच आले. आम्ही शहाण्यांनी सत्कारासाठी काय ठरवावे? कारवीची कमान! गुरुजींचा निरोप आला, "एक फांदी मोडलीत, तर मी येणार नाही."

तेव्हा मंडळी, मांडवाला कमान का नाही, हे कोणी विचारू नये. गुरुजींनी या फुलोऱ्याचे बी पडलेले पाहावे, त्या बियांची कारवी फुललेली पाहावी. आणि ती तोडायला कोणी आलेच, तर वाटेत आडवे उभे राहण्याइतके बळ त्यांच्या पायांत असावे.