हयातीचा दाखला

नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी मी दिवाणावर पडून लेन्सचे व्हिडिओ बघत होतो. लेन्स घ्यायची नव्हतीच. आहेत त्या दोन कपाटात पडून आहेत, आणि कॅमेऱ्याला हात लावून सात-आठ महिने झाले असतील. पूर्वी दर रविवारी पहाटे तलावावर पक्षी टिपायला जायचो. आता सहा दिवस ऑफिसातल्या स्क्रीनकडे बघायचं आणि सातव्या दिवशी हातातल्या. तरी नवीन काही निघालं की बघावंसं वाटतं. का, ते माझं मलाच कळत नाही.

बायको आत आली. "वरच्या काकू आल्यात. फोनचं काहीतरी आहे म्हणतात."

मनीषनगरातल्या आमच्या इमारतीत कोणाचाही फोन अडला की माझ्याकडे येतो. मी कुरकुरतच उठलो.

काकू निवृत्त शिक्षिका, ऐंशीच्या घरातल्या, एकट्या राहतात. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यांच्या बोटांचे ठसे आता यंत्रावर उमटत नाहीत, म्हणून कोणीतरी ॲप टाकून दिलं होतं. चेहरा गोलात धरायचा, पापण्या मिटून उघडायच्या, झालं. पण डोळ्याच्या ऑपरेशननंतर काकूंची डावी पापणी अर्धीच उघडते. पाच वेळा केलं, पाचही वेळा चेहरा ओळखता आला नाही.

"मी जित्ती आहो, हे त्याले दिसून नाही राहिलं काय गा?" काकू हसल्या.

सहाव्या वेळेला त्या जरा हलल्या आणि मी ओरडलो, "काकू, हलू नका म्हटलं ना!"

त्या हळूच म्हणाल्या, "दोन दिवसांपासून आरशासमोर पापण्या मिटायची प्रॅक्टिस करून राहिली मी."

मी फोन खाली ठेवला आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. वरच्या ट्यूबलाइटनं डोळ्यांच्या खोबण्या नुसत्या काळ्या दिसत होत्या. खुर्ची उचलून बाल्कनीच्या दाराशी नेली. चष्मा काढायला लावला. बायकोला पांढरी चादर त्यांच्या मांडीपाशी धरायला सांगितली, म्हणजे उजेड खालूनही चेहऱ्यावर पडेल.

"आता मिटा. उघडा."

हिरवी खूण आली.

"झालं?"

"झालं काकू. वर्षभर बघायला नको."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मग तुह्या मोठ्या कॅमेऱ्यानं काढ नं एक. बसलीच आहो उजेडात."

कॅमेऱ्याची बॅटरी उतरलेली होती, आणि खरं सांगायचं तर माझ्यातही जोर नव्हता. म्हटलं, "पुढच्या रविवारी काढतो."

"काढजो. घाई नाही."

पुढच्या रविवारी बॅटरी भरून वर गेलो. काकू नुकत्याच न्हाऊन मेथी निवडत बसल्या होत्या. "आज नको गा, केस ओले आहेत," म्हणाल्या आणि अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली. कॅमेरा बाजूला ठेवून मी अर्धा तास पानं खुडत बसलो. त्या शाळेतलं काहीबाही सांगत होत्या. मी हं हं करत होतो.

खाली आल्यावर बायकोनं विचारलं, "निघाला का फोटो?"

"नाही," म्हटलं, आणि फोन हातात न घेता जरा वेळ पडलो.