पोटावरची खूण

आण्णा घरातून निघून गेले तेव्हा मी शाळेत शिकवत होते. आण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर कवठे महांकाळकडच्या आमच्या गावी राहिले. आई गेली तसं मी त्यांना उंब्रजला माझ्याकडे आणलं. नवरा सैन्यात, तेव्हा आसामात होता. घरात मी आणि आण्णा. त्यांचा विसरण्याचा आजार वाढतच चालला होता, म्हणून मी शाळेतून येईपर्यंत शेजारच्या काकू त्यांच्यापाशी बसायच्या. त्या दिवशी दूध उतू जाईल म्हणून काकू आत गेल्या आणि बाहेर येऊन बघतात तर दार सताड उघडं.

संध्याकाळपर्यंत आम्ही स्टँड, बाजारपेठ, नदीकाठ सगळं पालथं घातलं. पोलिसांत तक्रार दिली. गावाकडून धाकट्या भावाचा फोन आला. "आक्का, मोबाइलवर टाक. सगळ्या ग्रुपला जाऊ दे. जेवढी माहिती देशील तेवढं बरं."

मी दिली. आठवून आठवून लिहिली. पूर्ण नाव, वय, फोटो, घराचा पत्ता, माझा नंबर. विसरण्याचा आजार आहे, स्वतःचं नाव सांगता येत नाही, हेही. आणि सगळ्यात शेवटी लिहिलं, पोटावर डाव्या बाजूला ऑपरेशनची लांब खूण आहे.

ती खूण आण्णांनी आयुष्यात कुणाला दाखवली नव्हती. आम्हा पोरांसमोरसुद्धा ते कधी उघडे बसले नाहीत. ऐन उन्हाळ्यात अंगणात झोपतानाही अंगात बंडी असायची. हे मला माहीत होतं, तरी मी लिहिलं. त्या वेळी मला आण्णा जिवंत हवे होते, दुसरं काहीच नको होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. पेठ नाक्याच्या अलीकडे हायवेवर एक हॉटेल आहे, त्याचा मालक बोलत होता. "ताई, तुमचं वडील आमच्याकडं हायती. जेवायला घातलंय. काळजी करू नका, सावकाश या."

शेजाऱ्यांची गाडी घेऊन गेलो. आण्णा शेडखाली बाजेवर बसले होते, पुढ्यात भाकरीचं ताट. मी त्या माणसाच्या पायाला हात लावायला वाकले तसा तो मागे सरकला. "आवं ताई, असं काय करताय? माझा बा असता तर मी केलंच असतं की." तो हे मनापासून म्हणाला. आजही मला तसंच वाटतं.

आण्णांना घरी आणून आंघोळ घातली, झोपवलं. तेवढ्यात शाळेतल्या एका बाईंचा फोन आला. "तुम्ही बघितला का?" त्यांनी विचारलं आणि व्हिडिओ पाठवला.

हॉटेलसमोर एक ट्रॅव्हल्सची बस उभी आहे. आण्णा तिच्या दारात उभे आहेत, पायजमा ओला झालेला. प्रवाशांना हाका मारतायत, "चला, बसून घ्या, गाडी सुटायची येळ झाली." मोबाइलच्या मागून मालकाचा आवाज येतो, "आजोबा, लायसन हाय का?" आण्णा खिसे चाचपतात. एकेक खिसा, पुन्हा पहिला, घाबरून. लोक हसतात. मग कुणीतरी म्हणतं, "आरं, ग्रुपवर आलंय त्येच म्हातारं हाय हे. पोटावर खूण बघ." एक हात त्यांचा सदरा वर करतो. आण्णा दोन्ही हातांनी तो खाली ओढतात. दुसरा माणूस येऊन त्यांचे हात धरतो. "हाय, हाय, खूण हाय!" टाळ्या. खाली हॉटेलचं नाव आणि त्याच्यापुढे लिहिलेलं, माणुसकी जिवंत आहे.

मी लगेच मालकाला फोन लावला.

"ताई, लोकं चांगलंच म्हणत्यात की," तो म्हणाला. "किती जणांनी आशीर्वाद दिलाय बघा."

"त्यांचा सदरा वर केलाय हो तुम्ही."

"आवं, खात्री करायला. तुमीच लिवलं हुतं न्हवं?"

मी बोलायचा प्रयत्न केला, पण रडूच आलं. मग तो हळू आवाजात म्हणाला, "बरं. काढतो." तासाभरात त्यानं काढला. पण तोवर व्हिडिओ कुठल्या कुठे गेला होता. कुणी फक्त लायसनचा तुकडा ठेवून त्याला गाणं लावलं होतं. कुणी फक्त सदऱ्याचा.

त्यानंतर महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. शाळेतून आले की आण्णांना चहा द्यायचा आणि मोबाइल घेऊन बसायचं. एकेक व्हिडिओ शोधायचा, तक्रारीचं बटण दाबायचं. उत्तर यायचं, यात आमच्या नियमांचा भंग झालेला नाही. एक निघाला की दोन दिसायचे. साताऱ्याला सायबर शाखेत गेले. तिथल्या मॅडमनी अर्ज घेतला, पाणी दिलं आणि मोबाइल माझ्यापुढे धरला. "बघा, नाव, पत्ता, आजार, खूण, सगळं तुमच्या पोस्टमध्ये आहे. लोक ती आणि व्हिडिओ एकत्र करून पुढं पाठवतायत." त्या मला बोल लावत नव्हत्या. असं असतं एवढंच सांगत होत्या. मी तिथंच बसून माझी पोस्ट काढून टाकली. त्याचा काही उपयोग नव्हता.

फोन येतच राहिले. काही जण काळजीनं विचारायचे, आजोबा सापडले का? काही जण लायसन मागायचे आणि हसून ठेवून द्यायचे. पालकसभेत एका आईनं विचारलं, "बाई, ते लायसनवाले आजोबा तुमचेच का हो?" चांगल्या मनानं विचारलं होतं. मी सभा सोडून बाहेर गेले आणि पाण्याच्या टाकीमागे उभी राहिले.

एके दिवशी ओट्यापाशी उभी राहून मी असाच एक व्हिडिओ तपासत होते. आण्णा मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. आवाज ऐकून ते वाकले. त्यांनी सगळं बघितलं. बंद करायचंसुद्धा मला सुचलं नाही.

"कुणाचा म्हातारा हाय गं?"

"असेल कुणाचा तरी, आण्णा."

"असं करू न्हाई. सदरा सोडा म्हणावं त्येचा."

मग त्यांनी स्वतःच्या सदऱ्याचं खालचं बटण चाचपून लावलं.

दिवाळीनंतर ते पुन्हा गेले. गॅसवाला आला होता, दार उघडं राहिलं, तेवढंच निमित्त. भावाला कळवलं तर तो ओरडला, "टाक लगेच ग्रुपवर!"

"नको."

"आक्का, डोकं फिरलंय का? म्हातारा हायवेवर गेला तर?"

मी रस्त्यात उभी राहून फोटो आणि नंबर एवढंच लिहिलं. बोट पाठवायच्या खुणेवर नेलं आणि ते खाली जाईना. मोबाइल पर्समध्ये टाकला आणि पळत सुटले. टपरीवर, चक्कीवर, देवळात, दिसेल त्याला तोंडानं विचारत. पांढरा सदरा, उंच, पाय ओढत चालतात. दोन तास. भाऊ एकसारखा फोन करत होता, मी उचलत नव्हते.

ऊसतोड चालू होती त्या रानाच्या बांधावर ते सापडले. तोडणीवरच्या एका बाईनं त्यांना सावलीत बसवून त्यांचा हात धरून ठेवला होता. "लय लांब चालल्यात वाटतं," ती म्हणाली. तिनं दुसरं काही विचारलं नाही.

भाऊ आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. बोलला तेव्हा एवढंच म्हणाला, "काय झालं असतं तर तुला कवाच माफ केलं नसतं." त्याचं बरोबर आहे. मीही स्वतःला माफ केलं नसतं. ते दोन तास मी वडिलांचा जीव पणाला लावला, आणि तो कशासाठी लावला हे मला त्याला अजून समजावून सांगता आलेलं नाही.

आता मी शाळेत निघाले की काकू आतून कुलूप घालतात आणि किल्ली कमरेला खोचतात. सुरुवातीला आण्णा दार उघडा म्हणून विनवतात. मग दारावर हात आपटतात. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मला ते ऐकू येतं.