तपासलेली केळी

वैद्यांनी पथ्य सांगितलं, की शिवलिंगअप्पा आधी वैद्यांनाच जेवायला बोलवत आणि तेच पथ्य त्यांच्या ताटात वाढत. "तुमी खाऊन दावा, मग म्या खातो." नांदेडच्या कोर्टात अप्पा आणि मी वकिली करायचो. माणूस उदगीरचा, आवाज मोठा, हट्ट त्याहून मोठा. निजाम सरकारनं त्यांना हैदराबादच्या कायदेमंडळात नेमलं, तेव्हा मी म्हणालो, "अप्पा, तिथं नुसती मान डोलवायची असते."

"माजी मान आखडती," ते म्हणाले.

त्याच सुमारास करोडगिरीनं, म्हणजे जकात खात्यानं, नवा नियम काढला. नांदेड स्टेशनवर आलेली प्रत्येक बैलगाडी रिकामी करून माल जमिनीवर मांडायचा, मगच तपासणी. अर्धापूरची केळी ती! चढउतारात घड आपटत, साली काळ्या पडत आणि बाहेरगावचे व्यापारी माल नाकारत. गंगारामदादा बागाईतदार तर बाग मोडून ज्वारी पेरायला निघाले होते.

अप्पांनी मंडळात प्रश्न टाकला. मी मुद्दाम ऐकायला गेलो होतो. जकातीचे बडे साहेब हसून म्हणाले, कायदा मंडळानं करावा, नियम खात्यानं. अप्पा उठले. त्यांच्या दखनी उर्दूला उदगीरचा ठसका होता, पण मुद्दा सगळ्यांना कळला. "कानून में 'देखो' हय. 'उतारो' किदर हय? दिखाव." आणि नांदेड स्टेशनावरून आणलेला एक काळाठिक्कर घड त्यांनी साहेबांपुढे ठेवला. "ये तपासे हुए केले. खाव."

साहेबांनी हात लावला नाही. सभापती मात्र गंभीर झाले. नियम थांबवा, नवा मसुदा ज्यांना पाळायचा आहे त्यांना आधी दाखवा आणि मग इथे आणा, असं त्यांनी सुचवलं. त्यांचं सुचवणं खात्याला मोडवेना. गंगारामदादांनी बागेवरची कुऱ्हाड थांबवली.

काही दिवसांनी तेच साहेब नांदेड स्टेशनात गाड्यांपाशी उभे राहिले. घड गाडीतच राहतील, शिपाई वर चढून बघेल, असा मसुदा त्यांनी समजावून सांगितला. मग गंगारामदादांना विचारलं, "चालेल का?"

दादा बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मला धीर निघेना, मी बोलणार तेवढ्यात अप्पांनी माझा हात दाबला. ते स्वतः गप्प राहिलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो.

शेवटी दादा म्हणाले, "सायेब, जरा येळ द्या. आमाला आजवर कुणी इचारलंच न्हाई, तवा उत्तर द्यायची सवय न्हाई."

साहेबांनी टोपी काढली, गाडीच्या धुरेवर बसले आणि वाट बघू लागले.