झाडाखाली आप्पा

आमच्या यार्डात लाकडापेक्षा किस्सेच जास्त साठलेत. लाकूड निदान मशीनमधून बारीक होऊन कुरकुंभच्या कारखान्याच्या बॉयलरला जातं आणि जळून जातं. किस्से कुठं जाणार? दुपारी डबे उघडले की कुणीतरी एक काढतं, मग दुसरा निघतो. मी दहावी शिकलेली, ऑफिसात कागद भरते, त्यामुळे बरेचसे माझ्या टेबलावरूनच गेलेले.

आधी नियम सांगते. कारखान्याशी केलेल्या करारात लिहिलंय की झाड पूर्ण मेलेलं हवं, उभं हवं आणि धोकादायक हवं. म्हणजे पडलं तर घरावर, रस्त्यावर नाहीतर तारेवर पडेल असं. तसं असेल तरच मालकाला लाकडाचे पैसे मिळतात. जिवंत झाड तोडलं नाही याचा पुरावा म्हणून फोटो लागतो. आणि उंची कळावी म्हणून फोटोत बुंध्याशी एक माणूस उभा लागतो.

तो माणूस म्हणजे आमचे आप्पा. सगळा जन्म झाडं तोडण्यात गेला. मग एकदा फांदीवरून पडले आणि गुडघा कायमचा गेला. चढता येईना, करवत पेलेना. मुकादम संजय म्हणाला, "आप्पा, तुमी नुसतं फोटूत हुबं ऱ्हावा." तेवढंच काम त्यांना उरलं. आज पडेल की उद्या, अशा झाडाखाली जाऊन उभं राहायचं.

मी एकदा म्हटलं, "आप्पा, घरी बसा की आता."

"बसून खाल्लेलं पचत न्हाई, बाई," म्हणाले.

*

इनामगावच्या एका मामांची बाभळ वाळली होती. शेताच्या पार मधोमध. संजय बघून आला आणि म्हणाला, "मामा, ही पडली तर ढेकळांवर पडंल. धोका कुनाला हाय?"

मामा आठ दिवसांनी आले आणि मोबाईल माझ्यापुढं धरला. बाभळीखाली पत्र्याचं नवंकोरं खोपट, आत तीन शेळ्या.

"आता झाला का धोका?"

झाला. बाभूळ नियमात बसली. फोटोला आप्पा गेले तेव्हा त्यांनी आधी शेळ्या सोडून लांब नेऊन बांधल्या.

संजय म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की. फोटूत दिसल्या तर बरंच हाय."

"मी दिसतो तेवढा बास झाला," आप्पा म्हणाले.

*

शिरूरकडून एकजण गाडीवर आला. बांधावरच्या चिंचेचा फोटो दाखवला. चिंच चांगली हिरवीगार होती, पण बुंध्याची साल हातभर उंचीची, गोल सोलून काढलेली.

मी म्हटलं, "दादा, हे तर जिवंत आहे."

"मरंल की. उन्हाळ्यापतुर मरंल. तुमी नंबर लावून ठेवा."

आप्पा शेजारीच चहा पीत होते. त्यांनी फोटो घेतला, लांब धरून बघितला, परत दिला. मग मला म्हणाले, "ह्यांना सांगा, त्या चिंचंखाली मी हुबा ऱ्हानार न्हाई."

तो माणूस हसला. "मग दुसरा कुनी ऱ्हाईल."

आप्पा चहा तसाच ठेवून उठले.

*

वडगाव रासाईला एक वाळलेला कडुलिंब एका घराकडं कलला होता. घरातली बाई लेकरांना घेऊन रोज दिराकडं झोपायला जायची. आम्ही अर्ज घातला, फोटो पाठवला. पुण्याहून फोटो तपासणाऱ्या कारखान्याच्या साहेबांचा फोन.

"झाडाला पानं दिसतात."

"साहेब, ती गुळवेल आहे. झाडावर चढलेली. झाड मेलंय."

"पण दिसतात."

"वेलाची आहेत, साहेब."

"फोटोत वेल-झाड वेगळं कळत नाही. पानं नसलेला फोटो पाठवा."

मग आप्पांनी खालून गुळवेल ओढून काढायला घेतली. ओढताना लिंब हलला आणि शेंड्याची फांदी त्यांच्यापासून दोन हातांवर येऊन पडली. धूळ खाली बसली तेव्हा आप्पा तिथंच उभे, हातात वेल. संजयला म्हणाले, "घे आता फोटू. पानं गेली."

*

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी मी साहेबांना पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. शेवटी साधंच लिहिलं: झाड धोकादायक आहे हे दाखवायला त्याखाली माणूस उभा करणं बरोबर नाही.

उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, पण आलं. सूचना योग्य आहे, यापुढे माणसाऐवजी सहा फुटी, रंगवलेला बांबू उभा करावा.

मी पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. संजय मान खाली घालून ऐकत होता. आप्पा पायरीवर बसले होते. म्हणाले, "बाई, तुमच्या मनात वंगाळ नव्हतं, मला ठावं हाय. पर पोटावर पाय पडलाच की."

मला त्यांच्याकडं बघवेना.

*

बांबू रंगवून आला. एक फूट पांढरा, एक फूट लाल. पण आमच्याकडची जमीन मुरमाड, बांबू रोवला जाईना. दगड लावून उभा केला तर वाऱ्यानं आडवा. कसाबसा फोटो काढून पाठवला तो परत आला. शेरा होता: बांबू तिरपा आहे, उंची कळत नाही.

संजयनं माझ्याकडं बघितलं. मी कागदात बघितलं.

"आप्पांना बोलवतो," तो म्हणाला.

आप्पा आले, बांबू धरून उभे राहिले. तो फोटोही परत आला. सुधारित नियमानुसार फोटोत माणूस नको.

मग आप्पा बुंध्याच्या मागं जाऊन उभे राहू लागले. आधी बुंध्याशेजारी असायचे, आता त्याला चिकटून. फोटोत बांबू दिसतो आणि नीट बघितलं तर बांबूवर चार बोटं. साहेबांना ती कधी दिसली नाहीत. मी मात्र फोटो आला की आधी बोटं शोधते.

*

दौंडजवळ एका शाळेच्या भिंतीलगत गुलमोहर वाळला होता. पोरांच्या जाण्यायेण्याची वाट, म्हणून लवकर उरकायचं ठरलं.

दुपारी आमचा टेम्पो यार्डात येऊन थांबला. इंजिन चालूच. आप्पा एकटेच उतरले आणि लंगडत आत आले. उजव्या हातात बांबूचा वरचा तुकडा होता. डावा हात टॉवेलात गुंडाळलेला, आणि टॉवेल पार भिजलेला.

मी खुर्चीवरून उठले.

बाहेरून संजय ओरडला, "ताई, दवाखान्यात निघालोय. त्यांनीच थांबवायला लावलं."

आप्पांनी तुकडा टेबलावर ठेवला. त्याच हातानं खिशातून संजयचा मोबाईल काढला आणि माझ्यापुढं सरकवला.

"फांदी खाली यायच्या आधीच फोटू काढलाय," ते म्हणाले. "बघा, बसतोय का नियमात."

मी बघितला. बांबू अगदी सरळ होता.